उत्तर: फायर लीडरशिपचा कोर्स पारखायचा कसा

तुमची पोस्ट वाचली आणि हसावं की रडावं कळेना. ओरेगॉनमधला छोटा फायर डिस्ट्रिक्ट (स्थानिक अग्निशमन दल), तुम्ही वणव्यावर जाणारे व्हॉलंटियर, चीफने तीन लीडरशिप कोर्सची पत्रकं हातात दिली आणि "यातला चांगला कुठला ते बघून सांग" म्हणून मोकळा झाला, तिन्हींचा फीडबॅक पाचपैकी साडेचारच्या वर, आता यात बघायचं काय असा तुमचा प्रश्न. काही वर्षांपूर्वी मी पण अश्शीच अडकले होते. मी कोलोरॅडोत, दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि पेजर वाजला की पिवळा नोमेक्स शर्ट (सहज पेट न घेणारा) घालून वणव्यावर. ट्रेनिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं कारण "तुला एक्सेल येतं".

आधीच सांगते, मी फेडरल नोकरीत नाही, हॉटशॉट (मोठ्या वणव्यांवर जाणाऱ्या खास क्रूतली) तर अजिबात नाही, जे लिहितेय ते एका डोंगराळ डिस्ट्रिक्टच्या अनुभवावरून. कोर्सचे नंबर, अटी, कुठल्या पोझिशनला काय लागतं हे एनडब्ल्यूसीजीवाले (देशभरातल्या वणव्याच्या ट्रेनिंगचे निकष ठरवणारी संस्था) अधूनमधून बदलतात, त्यामुळे कागदोपत्री काय लागतं ते तुमच्या स्टेटलाच विचारा. रेड कार्ड (वणव्यावर जायच्या पात्रतेचं कार्ड), एस-१३०, एस-१९० हे सुरुवातीचे कोर्स, पॅक टेस्ट (वजन घेऊन चालायची परीक्षा) वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे, एल-१८० हा लीडरशिपच्या मालिकेतला पहिला कोर्स पण झालाच असणार, ते सोडते.

तो साडेचारचा आकडा पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. लग्नाच्या पंगतीतून उठताना यजमान हात जोडून विचारतो "जेवण कसं झालं?", तेव्हा "भात कच्चा होता" असं कोण सांगतं? कोर्सच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता सगळ्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये घराकडे तोंड करून उभ्या असतात, इन्स्ट्रक्टर दारात उभा असतो, आणि फॉर्ममध्ये प्रश्न काय तर हॉल आरामदायी होता का, वक्ता उत्साही होता का, कॉफी वेळेवर आली का. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या माणसाने १९५९ मध्येच ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्यात: लोकांना आवडलं का, लोक काही शिकले का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्याने कामाच्या निकालात फरक पडला का. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवर बंद पडते आणि त्यालाच क्वालिटी म्हणतात.

आता माझं रडगाणं, कारण सगळ्यात महाग मला तेच पडलं. आमच्या बाजूच्या एका ट्रेनिंग ऑफिसने (नाव घेत नाही, आजही त्यांच्याशीच काम पडतं) एल-२८०, म्हणजे एल-१८०च्या पुढचा कोर्स, ठेवला होता. हा कोर्स म्हणजे एक दिवस वर्ग आणि एक दिवस मैदानात, छोट्या टीम करून प्रत्येकाला आळीपाळीने लीडर करायचं, एखादं अडनिडं काम द्यायचं आणि नंतर त्यावर बोलायचं. त्या दुसऱ्या दिवसातच सगळा जीव आहे. आमचे दोघे गेले, त्यातल्या एकाचं टायरचं दुकान आहे, ते बंद ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आणि भुरभुर पाऊस, तर इन्स्ट्रक्टर म्हणाला आपण तेच हॉलमध्ये करू. खुर्च्या भिंतीला लावल्या, दोन खेळ झाले, मग परत स्लाइड्स आणि जेवणानंतर सुट्टी. वाइल्डलँड फायरवाल्यांना पावसाची भुरभुर चालत नाही, धन्य आहे! घाटात बर्फ पडायच्या आत घर गाठायचं म्हणून सगळ्यांनी पाच-पाच मार्क टिक केले आणि निघाले.

पुढची गंमत बघा. त्यांच्या रेकॉर्डला कोर्स लागेचना. ऑफिसला विचारलं तर म्हणे फील्डचा भाग पूर्ण नाही, त्यामुळे कम्प्लीशन देता येत नाही. बरं, मग पैसे परत द्या किंवा फील्ड डे परत घ्या. तर म्हणे इन्स्ट्रक्टरचा फीडबॅक उत्तम आहे, म्हणजे कोर्समध्ये क्वालिटीचा इश्यू नाही! कोर्स अपुरा पण आहे आणि उत्तम पण आहे, दोन्ही एकाच ईमेलमध्ये, एकाच सहीखाली. मग मी आधीच्या बॅचेसचे शेरे मागितले, तर ते दुसऱ्या टेबलाकडे, ते टेबल म्हणे डेटा कोर्स देणाऱ्या कंपनीचा, कंपनी म्हणे ऑफिसचा. हे चालू असताना सीझन सुरू झाला. आमच्या चीफचा नियम आहे की एल-२८० झाल्याशिवाय स्क्वॉड बॉसचं (छोट्या तुकडीच्या प्रमुखाचं) टास्क बुक, म्हणजे त्या पदाची कामं करून सह्या घ्यायची वही, उघडायची नाही, म्हणजे ते दोघे अख्खा उन्हाळा जिथल्या तिथे, आणि आमचं वर्षाचं ट्रेनिंगचं बजेट त्यातच गेलेलं. टायरवाल्याने नंतर कुठल्याच कोर्सला नाव दिलं नाही, आणि माझ्या मते आमच्यातला सगळ्यात शांत डोक्याचा माणूस तोच होता. याचा राग अजून गेलेला नाही, माफ करा.

म्हणून फी भरायच्या आधी लेखी विचारा, फोनवर नको: हवामानामुळे फील्डचा भाग रद्द झाला तर काय करणार, रेकॉर्डला नोंद कोण करणार आणि किती दिवसांत, एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी, आणि एकूण वेळापैकी विद्यार्थी स्वतः निर्णय घेतायत असा वेळ किती. शेवटच्या प्रश्नाला जो सरळ तासांत उत्तर देतो त्याला माझे अर्धे मार्क तिथेच. जो "आमचा कोर्स अत्यंत इंटरॅक्टिव्ह आहे" असं लिहितो त्याचं पत्रक बाजूला ठेवा.

एल-३८० या त्याच्या पुढच्या कोर्सच्या बाबतीत तर हे जास्तच लागू, कारण तो वेगवेगळे लोक देतात. उद्दिष्टं एनडब्ल्यूसीजीने ठरवलेली, पण शिकवायची पद्धत ज्याची त्याची, त्यामुळे "एल-३८० चांगला आहे का" या प्रश्नाला अर्थ नाही, कोण देतंय ते बघायचं. जमलं तर चीफला सांगून एक दिवस मागे बसून बघायची परवानगी काढा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच झालं.

मागे बसलात तर सँड टेबलच्या वेळी बसा, स्लाइड्सच्या वेळी नको. मी एकदा बसले होते तेव्हाचं सांगते. टेबलावर वाळूचा डोंगर केलेला, लाल लोकर म्हणजे आगीची कड, निळी म्हणजे नाला, हिरव्या स्पंजचे तुकडे म्हणजे झुडपं, आणि एक खेळण्यातलं इंजिन. एका पोरीला क्रू बॉस केलं. तिने ब्रीफिंग दिलं, काम काय, कशासाठी आणि शेवटी काय दिसायला हवं, हे लीडर्स इंटेंटचे तिन्ही भाग नीट सांगितले. मग इन्स्ट्रक्टरने एकाच वेळी दोन गोष्टी टाकल्या, वारा फिरला आणि रेडिओवर भलत्याच डिव्हिजनचा (आगीच्या दुसऱ्या भागावर काम करणाऱ्यांचा) कॉल. ती रेडिओत गुंतली. टेबलाच्या टोकाला उभा असलेला एक मुलगा हळूच म्हणाला, "इथून मला लुकआउट दिसत नाहीये." लुकआउट म्हणजे आगीवर नजर ठेवायला उभा केलेला माणूस, तोच दिसेना, पण कोणी लक्ष दिलं नाही. इन्स्ट्रक्टरने ऐकलं होतं, पण तो काहीच बोलला नाही, चालू दिलं, लाल लोकर हाताने पुढे सरकवत राहिला. मग थांबवलं आणि पहिला प्रश्न त्या मुलाला: "तू काय म्हणालास ते परत सांग, आणि दुसऱ्यांदा का नाही म्हणालास?" पुढची सगळी चर्चा त्यावर. आमच्या पॉकेट गाइडमध्ये कम्युनिकेशनच्या ज्या पाच जबाबदाऱ्या छापल्यात (ब्रीफ, डीब्रीफ, धोका दिसला तर सांगा, निरोप मिळाला की पोच द्या, माहीत नसेल तर विचारा) त्या पाठ सगळ्यांनाच असतात, पण तिसरी का फसते ते त्या दिवशी टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसलं. आणि त्या पोरीला कोणी मूर्ख ठरवलं नाही, हेही बघा. चुकीबद्दल बोलतात की माणसाबद्दल, एवढ्यावरून मी कोर्स ओळखते.

याच्या उलट प्रकार म्हणजे इन्स्ट्रक्टर मध्येच थांबवून "मी असतो तर" सुरू करतो. मग वीस मिनिटं त्याच्या जवानीतल्या आगी. इथले काही रिटायर्ड लोक माझ्यावर चिडतील, पण माझं मत पक्कं आहे: क्रू चालवल्याचा अनुभव हवाच, त्याशिवाय पोरं ऐकत नाहीत, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला गप्प बसता आलं पाहिजे. इन्स्ट्रक्टर लोकांसाठी एम-४१० नावाचा कोर्स आहे, तो झालाय का एवढं विचारा, पण नुसत्या त्यावर जाऊ नका.

दुसरी परीक्षा म्हणजे जुन्या दुर्घटना कशा शिकवतात. साउथ कॅनियनचा वणवा घ्या, ६ जुलै १९९४, आमच्या ग्लेनवुड स्प्रिंग्सजवळचा स्टॉर्म किंग डोंगर, १४ जण गेले, त्यातले ९ तुमच्या प्रिनव्हिल हॉटशॉट्सचे. कोल्ड फ्रंटचा वारा आला, खालच्या बाजूने आग नाला ओलांडून गँबेल ओकच्या झुडपांतून वर धावली. तपास अहवालात दहापैकी आठ फायर ऑर्डर्स (सुरक्षेचे ठरलेले नियम) आणि अठरापैकी बारा वॉच आउट्स (सावध व्हायच्या परिस्थिती) यांच्याबाबत तडजोड झाल्याचं म्हटलंय. वाईट इन्स्ट्रक्टर तेवढीच यादी स्लाइडवर टाकून टिकमार्क करत जातो आणि वर्गातला प्रत्येक जण मनात म्हणतो "मी असतो तर असं केलंच नसतं". तिथे शिकणं संपलं. चांगला माणूस विचारतो की दुपारी तीन वाजता त्या लाइनवर उभं राहून त्यांना काय दिसत होतं, काय माहीत होतं, हवामानाचा निरोप कोणापर्यंत पोचला होता, कोणाला शंका आली होती आणि ती कोणाला सांगायची हे स्पष्ट होतं का. त्या घटनेनंतर झालेल्या अभ्यासांतूनच तर ह्यूमन फॅक्टर्स आणि लीडरशिपच्या ट्रेनिंगला जोर आला, आणि आपण ते परत टिकमार्कवर आणून ठेवायचं?

मान गल्च या दरीतल्या वणव्याचंही तसंच, मॉन्टाना, ऑगस्ट १९४९. आग मागून अंगावर येत असताना क्रूचा फोरमन वॅग्नर डॉज याने, तिला जळायला काही उरू नये म्हणून, समोरचं गवत स्वतः पेटवलं आणि जळलेल्या जागेत या म्हणून ओरडला, कोणी गेलं नाही, १३ मेले. डॉज वाचला. बऱ्याच कोर्समध्ये हे "डॉज किती हुशार" म्हणून सांगतात. अहो पण त्याने काय चालवलंय ते क्रूला कळलंच नाही, तशी युक्ती त्यांनी कधी पाहिली नव्हती आणि तो त्यांच्या रोजच्या ओळखीतला फोरमन पण नव्हता, लीडरशिपचा प्रश्न तिथे आहे. पत्रकात मान गल्च असेल तर इन्स्ट्रक्टरला फोन करून विचारा की त्यातून तुम्ही काय काढता. पाच मिनिटांत कळतं.

कोर्स झाल्यावरचं काम मात्र तुम्हालाच करायचंय, ते कुठलंच ऑफिस करणार नाही. आम्ही आता असं करतो की जाऊन आलेल्या माणसाला लगेच काही विचारत नाही. सीझनच्या मध्ये त्याच्या हाताखालच्या लोकांना विचारतो, त्याला नाही: ब्रीफिंग समजतं का, पोच मागतो का, कोणी नकार दिला तर ऐकून घेतो का, काम झाल्यावर एएआर (झालेल्या कामावरची छोटी चर्चा) घेतो का. एएआरचे चारच प्रश्न आहेत, काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करू. साध्या झाडाखालच्या धुरावर जाऊन आल्यावरसुद्धा ट्रकच्या मागच्या फळीवर बसून जो हे विचारतो त्याचा कोर्स वसूल झाला. उत्तरं एक्सेलमध्ये टाकते, हो, तेच एक्सेल. आकडे लहान आहेत, त्यावरून मोठं काही सिद्ध होत नाही, पण कुठल्या कोर्सहून आलेले लोक एएआर घेतात आणि कुठले नाही हे दोन सीझनमध्ये डोळ्यांनीच दिसायला लागतं. (माझा भाचा गावाकडे वणवा विझवायला जाणाऱ्या पोरांच्या ग्रुपमध्ये आहे, जाळरेषा काढायला पण जातात, त्याला पण हेच चार प्रश्न पाठवलेत. त्याला ना कोर्स लागतो ना फी.)

सुचलं म्हणून दोन फुटकळ गोष्टी. स्टॉर्म किंगची स्टाफ राइड (दुर्घटनेच्या जागी प्रत्यक्ष जाऊन केलेला अभ्यास) मिळाली तर सोडू नका, पण चढ खडा आहे, नवे बूट घालून जाऊ नका. आणि व्हेज असाल तर कोर्सच्या नोंदणीतच लिहा, तरी बहुतेक चीज सँडविचच येतं, चिक्की जवळ ठेवा. एल-३८०ला आधी वाचायचं साहित्य देतात ते खरंच वाचून जा, आणि जो कोर्स काहीच वाचायला पाठवत नाही त्याबद्दल मला शंका येते.

तुमच्या तीन पर्यायांपैकी पहिल्यात स्टाफ राइड आहे आणि एका इन्स्ट्रक्टरमागे सहाच जण लिहिलंय, तो महाग असला तरी मी तिथून सुरुवात करेन, वरचे लेखी प्रश्न विचारून. दुसऱ्याचं पत्रक सगळं प्रशस्तिपत्रांनी भरलंय, त्याला तासांचा प्रश्न विचारा आणि उत्तर आलं की इथे टाका, मला पण बघायचंय. तिसरा पूर्ण ऑनलाइन. एल-१८० ऑनलाइन चालतो, मी स्वतः तसाच केला. एल-३८० ऑनलाइन करावा असं मला तरी वाटत नाही, चीफ कितीही स्वस्त म्हणू दे.