जंतू हिरडीत, मग हाड का झिजतं?

प्रश्न : ब्रश करताना रक्त येतं म्हणून उजव्या दाढांवर ब्रश फिरवणं मी बंद केलं. आता दंतवैद्य म्हणतात, 5 मिलिमीटरचा पॉकेट झालाय आणि हाड झिजलंय. असं कसं झालं? सूज उतरवणारी गोळी चालेल का?

उत्तर : जंतू हाड खात नाहीत, तुमच्याच पेशी ते विरघळवतात. निरोगी हिरडीतही पहारा असतोच. दात आणि हिरडीमधल्या 1 ते 3 मिलिमीटरच्या खाचेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी अखंड येत राहतात. हीच खाच खोल झाली की तिला पॉकेट म्हणतात. हिरडीच्या पेशी आयएल-8 हे रसायन सोडून त्यांना बोलावतात.

दातावर जंतूंचा थर साचला की जंतूंचे तुकडे पेशींच्या टीएलआर-2 आणि टीएलआर-4 या ग्राहकांना, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात. त्यामुळे पेशीतलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि आयएल-1 बीटा, टीएनएफ-अल्फा या सूज आणणाऱ्या रसायनांची जनुकं चालू करतं. रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून ब्रश लागताच रक्त. इथवरचं सगळं भरून येतं. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत त्यांच्या हिरड्या सुजल्या, घासणं सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणूनच रक्त येतं त्या जागी घासणं सोडणं सगळ्यात घातक.

सूज महिनोन्‌महिने उतरली नाही की ती खोल जाते. टी आणि बी या पांढऱ्या पेशी रँकल हे प्रथिन सोडतात, त्यातून हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. ओपीजी हे प्रथिन रँकलला अडवतं, पण आता ते कमी पडतं. शिवाय एमएमपी-8 हे विकर दाताला धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडतं.

गोळीने थर जात नाही, त्यामुळे सुजेचे संदेश सुटतच राहतात. वर पोट आणि मूत्रपिंडाला त्रास. मनाने घेऊ नका. हिरडी बधिर करून मुळापर्यंत सफाई करून घ्या आणि साधारण 3 महिन्यांनी पॉकेट पुन्हा मोजून घ्या. 4 मिलिमीटर किंवा कमी आणि रक्त नाही, तर उपचार लागू पडले. गेलेलं हाड बहुधा परत येत नाही, झीज मात्र थांबते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशांत तिरका धरा, फटीत मावेल तेवढाच फटींचा ब्रश रोज वापरा. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल, तरी थांबू नका.

तंबाखू ओढत असाल तर रक्त कमी दिसतं आणि रोग लपतो. मधुमेह असेल तर एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. साखर चढी असली की ही सूज लवकर शमत नाही.