गाईंचा आजार माणसात आला, हे उंदरांवरून कसे कळले?

प्रश्न : ब्रिटनमधील ‘मॅड काउ’ आजार गाईंकडून माणसांत आला, असे म्हणतात. माणसांवर प्रयोग न करता हे कसे ठरवले?

उत्तर : ‘मॅड काउ’ आजार प्रिऑनमुळे होतो. प्रिऑन म्हणजे चुकीची घडी पडलेले प्रथिन, जे मेंदूतील त्याच प्रकारच्या निरोगी प्रथिनालाही तशीच घडी पडायला भाग पाडते. हा आजार गाईंमध्ये 1986 मध्ये ओळखला गेला आणि 1996 मध्ये माणसांतील क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या प्रिऑन-रोगाचा नवा प्रकार जाहीर झाला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या नव्या रुग्णांच्या मेंदूचा अंश ठरावीक वाणांच्या उंदरांना टोचला असता, उंदीर आजारी पडायला लागलेला काळ आणि त्यांच्या मेंदूत कोठे किती पोकळ्या पडल्या याचा नमुना, हे दोन्ही आजारी गाईंचा अंश टोचलेल्या उंदरांशी जुळले. जुन्या प्रकारच्या रुग्णांचा अंश मात्र वेगळाच नमुना दाखवत होता. माझ्या मते याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

दोन प्राण्यांतील या प्रथिनाची रचना वेगळी असेल, तर संसर्ग सहसा अवघड जातो. म्हणूनच हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या प्रिऑनने सहसा आजारी न पडणाऱ्या उंदरांत 1989 मध्ये हॅमस्टरचे जनुक घातल्यावर ते आजारी पडू लागले. मात्र हे जनुक न घातलेले साधे उंदीर हॅमस्टरचे प्रिऑन टोचल्यावर वरून धडधाकट दिसूनही त्यांच्या मेंदूत प्रिऑन साठलेले आढळले आहेत. त्यामुळे लक्षणे नसणे म्हणजे संसर्ग नसणे, असे संशोधक धरून चालत नाहीत आणि त्या मेंदूचा अंश पुन्हा दुसऱ्या प्राण्यांना टोचून पाहतात.