जपानी बागेतला बांबू वावरातली डुकरं हाकलेल का?

प्रश्न : पुतण्या जपानला असतो. क्योतोच्या शिसेन्दो बागेचा व्हिडिओ त्याने पाठवला. बांबूच्या नळीत पाणी भरलं की ती कलंडते, अन् रिकामी झाली की मागचं टोक खाली येऊन दगडावर ठक्कन आपटतं. हे मुळात जनावरं पळवायला होतं म्हणे. आमच्या हरभऱ्यात रोही अन् डुकरांचा उच्छाद आहे. वावरात चालेल का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : पुतण्या बरोबर सांगतो. याला शिशी-ओदोशी म्हणतात. शिसेन्दो हे इशिकावा जोझान या निवृत्त सामुराईने १६४१ साली डोंगरपायथ्याशी बांधलं. हरणं, रानडुकरं बागेत शिरू नयेत म्हणून तिथे हा ठोका होता. आता लोक तो ऐकायला जातात.

वावरात भरवसा ठेवू नका. तोच आवाज त्याच जागेवरून आला की जनावर थोड्याच दिवसांत सरावतं. जागा बदलत राहिलात तर जरा जास्त टिकेल, पण कुंपणाचं काम त्याने होणार नाही. अंगणात मात्र झकास.

करायचंच तर मानवेल घेऊ नका, तो आतून जवळपास भरीव असतो. बुरडाकडे कटांग मागा, पोकळी ५ सेंमी तरी हवी. एकूण तुकडा ८० सेंमी. पुढचं एक पेर, साधारण ३० सेंमी, पाण्याचं. त्याचं तोंड तिरकं कापा, खालची कड लांब. पेराच्या गाठीच्या लगेच मागे आडवं भोक पाडून ८ मिमीची सळई घाला. भोक गाठीच्या पुढे पडलं तर पाणी तिथूनच गळेल.

खरी मेहनत तोलाची. पेर भरून वाहतंय तरी नळी कलंडत नाही, म्हणजे शेपूट जड. २-२ सेंमी कापत जा. कलंडून तशीच राहिली तर शेपूट जास्त कापलं गेलं, तिथे तार गुंडाळा. ठोका बद्द येत असेल तर दगड बघा. काळी माती भिजली की तो खचतो, खाली वीतभर मुरूम ठोकून बसवा.

पाण्याला ठिबकचा ताशी ८ लिटरचा ड्रिपर पुरतो. नळी ३०० मिलीला कलंडत असेल तर सव्वादोन मिनिटांनी एक ठोका, १० तासांत ८० लिटर. ते पाणी एकाच जागी मुरतं, म्हणून हरभऱ्यात नको, धुऱ्यावर (बांधावर) लावा. रात्री वीज नसेल तर उंचावर ड्रम ठेवून कॉक लावा. पातळी उतरेल तसे पहाटे ठोके विरळ होतील. हरभरा निघाला की नळी सावलीत ठेवा, उन्हात बांबू चिरतो.