विषाणूचा वर्ग ठरतो कशावरून?

प्रश्न : डेंग्यूच्या आरटी-पीसीआरमध्ये आरएनए शोधतात, हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टावर मात्र ‘एचबीव्ही डीएनए’ असतं. असं का? विषाणूंचे सात वर्ग म्हणतात ते हेच का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हो, हेच. डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये सहा वर्ग मांडले, सातवा नंतर जोडला गेला. पेशीतले रायबोसोम फक्त एमआरएनए (प्रथिनाचा संदेश नेणारा आरएनए) वाचून प्रथिनं बनवतात. तेव्हा विषाणू आपल्या जनुकीय द्रव्यापासून एमआरएनएपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, यावर त्याचा वर्ग ठरतो.

पहिला वर्ग दुहेरी डीएनएचा (देवी, नागीण), दुसरा एकेरी डीएनएचा, तिसरा दुहेरी आरएनएचा (रोटाव्हायरस). खरी गोम चौथ्या-पाचव्यात आहे, कारण दोन्हींत एकेरी आरएनएच असतो. चौथ्यातला (डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका, पोलिओ, करोना) थेट एमआरएनए म्हणून वाचला जातो. तो शुद्ध करून नुसता पेशीत सोडला तरी नवे विषाणू तयार होऊ शकतात. पाचव्यातला (फ्लू, गोवर, रेबीज, निपा) पूरक क्रमाचा असल्याने रायबोसोमच्या कामाचा नाही. आधी त्याची नक्कल व्हायला हवी आणि ते काम करणारं पॉलिमरेज हे विकर आपल्या पेशीत नसतं, म्हणून हे विषाणू ते सोबत घेऊनच येतात. यांचा नुसता आरएनए पेशीत सोडला तर काही होत नाही.

सहाव्यातला एचआयव्ही आरएनएचा डीएनए करून आपल्या गुणसूत्रात घुसवतो. सातव्यातल्या हिपॅटायटिस बीचं उलटं : कणात सुमारे ३,२०० बेसचा डीएनए, त्याचा एक धागा अपुरा. यकृताच्या पेशीत तो पूर्ण होतो, त्यावरून आरएनए आणि त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए. रक्तातल्या कणांत डीएनए असतो, म्हणून मोजतात तोही डीएनएच.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी चाचणी, डीएनएवरच चालते. त्यामुळे डेंग्यूच्या आरएनएचा आधी ५० अंश सेल्सिअसच्या आसपास डीएनए करून घ्यावा लागतो. आरएनए चटकन तुटतो, म्हणून नमुना थंडच न्यावा लागतो. तापाच्या पहिल्या ५ दिवसांनंतर रक्तातला विषाणूही घटतो. तेव्हा आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही, असं समजू नका. त्या टप्प्यावर आयजीएम एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) करतात. सरकारी डेंग्यू सर्वेक्षणासाठी ही किट आपल्या पुण्यातलीच राष्ट्रीय विषाणू संस्था बनवून पुरवते.

प्रश्न : पिल्लाला पार्वो झाला आहे. घरातल्या मुलांना धोका आहे का? फरशी सॅनिटायझरने पुसली तर चालेल?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : कुत्र्यांचा पार्वो माणसांना होत नाही; माणसांचा पार्वोव्हायरस बी-१९ वेगळा. दोन्ही वर दिलेल्या दुसऱ्या वर्गातले. एकेरी डीएनएचा दुसरा धागा पेशीच्या यंत्रणेकडूनच करून घ्यावा लागतो आणि ती जोरात चालते विभागणाऱ्या पेशींत. म्हणून पिल्लाच्या आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर घाला पडतो : रक्ताचे जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात.

सॅनिटायझरचा उपयोग नाही. ते जनुकीय द्रव्यावरून नव्हे, बाहेरच्या आवरणावरून ठरतं. पार्वोला मेदाचं आवरणच नाही, त्यामुळे अल्कोहोल त्याचं काही बिघडवत नाही. आधी घाण पूर्ण काढून साबणाने फरशी धुवा, कारण विष्ठा राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्च होतं. मग ५ टक्क्यांचं साधं ब्लीच, १ भागाला ३० भाग पाणी, ताजं मिसळून ओता आणि १० मिनिटं फरशी ओली राहू द्या. ॲसिड किंवा इतर क्लीनर त्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो. अंगणातल्या मातीत हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू तिथे आणू नका.