फाइलीतलं ‘व्यसन : नाही’

“माझ्या सिगारेटींमुळेच गेलं का हो?”

मी समुपदेशक आहे. दोन-तीन गर्भपात झालेल्या बायका हा प्रश्न मला पहिल्या भेटीत विचारत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, पर्स खांद्याला अडकवून दाराशी पोचल्यावर विचारतात. मशेरी लावणाऱ्या तर तेव्हाही विचारत नाहीत, कारण मशेरीला व्यसन म्हणायची घरात पद्धतच नसते. पुढची हकीकत अशा अनेक जणींची मिळून एक केलेली आहे.

ती ३४ वर्षांची, मालाडच्या ऑफिसात रात्रपाळीला. तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. दोनदा पिशवी साफ करावी लागली. थायरॉइड, साखर, गर्भाशयाची थ्रीडी सोनोग्राफी, रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीज, दोघांची गुणसूत्रं, सगळं नॉर्मल. वारंवार गर्भपात होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत असंच होतं, कारण सापडत नाही. मग त्या रिकाम्या रकान्यात बाई स्वतःचं नाव लिहून टाकते.

“डॉक्टरांना सिगारेटचं सांगितलंत?”

“फाइलवर ‘व्यसन : नाही’ आहे. फॉर्म भरताना सासूबाई शेजारीच होत्या.”

“आणि आता मला का सांगताय?”

“तुम्ही फक्त हो की नाही ते सांगा, मॅडम.”

याचं उत्तर हो-नाहीत मिळत नाही, आणि ‘छे, तुमचा काही दोष नाही’ असं सांगून मोकळं होणं मला फसवणूक वाटते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धुरातला कॅडमियम हा धातू वारेत साठतो. स्त्रीबीजांचा साठा लवकर आटतो. मशेरीत धूर नसला तरी निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली झालेल्या एका विश्लेषणात, गरोदरपणात सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये गर्भपाताचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त आढळला. नुसता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांमध्ये सुमारे ११ टक्क्यांनी. वारंवार होणाऱ्या गर्भपातांपुरता पुरावा इतका पक्का नाही. आणि लवकरच्या गर्भपातांत निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, तीही बहुतेक वेळा योगायोगाने झालेली. तेव्हा धोका वाढतो हे खरं, पण तिचं अमुक बाळ सिगारेटने गेलं की नाही हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही.

हे सगळं तिने शांतपणे ऐकलं. पटल्यासारखं दिसलं नाही. म्हणून मी साधा हिशोब विचारला : कधी किती?

“लग्नाआधी तीन-चार. पहिल्या वेळेनंतर सहा. तिसऱ्यानंतर दहा.”

“प्रत्येक वेळी वाढल्या?”

ती बराच वेळ गप्प बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, “जिने आपलं मूल मारलं, तिने आणखी एक ओढली तर काय बिघडणार होतं?”

मला हव्या असलेल्या गोष्टीचं टोक इथे हाताशी आलं. सिगारेटमुळे अपराधीपणा येतो असं घरचे, डॉक्टर आणि ती स्वतःही धरून चालली होती. प्रत्यक्षात अपराधीपणामुळे सिगारेट वाढत होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करणारे आम्ही समुपदेशक माणसाचं कृत्य आणि माणूस वेगळे ठेवतो. कृत्याला वाईट म्हणता येतं, माणसावर शिक्का मारता येत नाही. तिला मी एवढंच विचारलं, “हेच मैत्रिणीच्या बाबतीत झालं असतं, तर तिला तुम्ही ‘मारलंस’ म्हणाला असतात?”

“नाही. सोड म्हटलं असतं.”

पुढच्या भेटीत तिने तारीख ठरवून आणली. दिवस राहायच्या किमान तीन महिने आधीची, कारण बीज पक्व व्हायला आणि नवऱ्याचे शुक्राणू नव्याने तयार व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, डॉक्टरांनी जास्त सांगितलं तर तेवढं. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून जातो. हा आकडा तिला सगळ्यात जास्त धीर देऊन गेला.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. तलफ पाचेक मिनिटं टिकते, म्हणून त्या पाच मिनिटांची सोय आधी करायची. तिची अवघड वेळ होती रात्री दोनचा ब्रेक. सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवाल्याला ते कोण सांगणार! तेव्हा टपरीकडे जायचंच नाही. ब्रेकमध्ये जिना, पाणी, बडीशेप. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम डॉक्टरांना विचारून. तो च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नाही, नाहीतर निकोटिन पोटात जाऊन उचक्या आणि मळमळ. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात धरायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही. सिगारेट सोडायच्या गोळ्या घ्यायच्या तर बाळाचा विचार आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं; दिवस राहिले की गमसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सिगारेट सोडून मशेरी धरणं म्हणजे सोडणं नव्हे. फोनवर मदतीसाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत लाइन आहे.

नवव्या दिवशी तिने एक ओढली. “गेलं सगळं,” म्हणाली. नऊ दिवसांत एक, आधीच्या हिशोबाने नव्वद झाल्या असत्या, हे तिच्याकडूनच मोजून घेतलं.

सोडल्याने मूल राहीलच अशी हमी मी देत नाही. तिनेही मागितली नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला ती एकटी गेली, ‘नाही’वर काट मारून घेतली आणि ‘रोज १०, आता बंद’ लिहवलं. नवऱ्याच्या कागदावर व्यसनाचा रकानाच नव्हता. तिने समासात स्वतः लिहिलं : ‘रोज ८, खिडकीशी, दहा बाय बाराच्या खोलीत.’