त्याचा निकाल आधी त्याला कळू द्या

बाई, नमस्कार. माझा मुलगा यंदा दहावीला बसला होता. निकाल आता कधीही लागेल. मिस्टरांची केळीची बाग आहे. मुलानं नव्वदच्या वर मार्क आणावेत आणि जळगावला सायन्सला जावं, हा त्यांचा एकच ध्यास. जेवताना तेच, बागेला पाणी देतानाही तेच. मित्राच्या मुलाचे ९२ टक्के वर्षभर रोज ऐकवले. पेढ्यांची ऑर्डरसुद्धा सांगून ठेवलीय. तसे स्वभावानं वाईट नाहीत. गेल्या वर्षी वादळात अर्धी बाग आडवी झाली, तेव्हा दोन तास बांधावर एकटे बसले, पण घरी येऊन कुणावर आवाज चढवला नाही. मुलाच्या बाबतीत मात्र कुणाचंच ऐकत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलेल्या दोन्ही नणंदा निकाल बघूनच सासरी जाऊ म्हणतात. मुलगा महिनाभर गप्प गप्प आहे. भूमितीचा पेपर अवघड गेला म्हणाला होता. रात्री घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, झोपायला जातो, पण झोपत नाही, मला कळतं. हॉल तिकीट हरवायला नको म्हणून मी माझ्याकडेच ठेवलंय, आणि त्याचा फोटो जळगावच्या भावाला पाठवलाय. त्याच्याकडे नेट चांगलं आहे, तो लगेच बघून सांगेल. घरात मी एकटीच मुलाच्या बाजूनं आहे. मिस्टरांना कसं समजावू? मार्क कमी पडले तर मुलाला काय बोलू?
— एक आई, यावल तालुका

ताई,

तुमचं पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात दिलंय. बहुतेक सगळं मिस्टरांबद्दल आहे. त्यांच्यावर मी फार लिहिणार नाही. नव्वद टक्क्यांचा धोशा लावणारे बाप मी शाळेत आयुष्यभर पाहिले. मी अडले ते तुमच्या शेवटाकडच्या एका ओळीवर. हॉल तिकीट तुम्ही स्वतःकडे ठेवलंय आणि त्याचा फोटो भावाला पाठवलाय. गॅसचा नंबर लावून ठेवलाय म्हणावं, तितक्या सहज तुम्ही ते लिहून गेलात.

मंडळाच्या साइटवर निकाल बघायला दोनच गोष्टी लागतात. मुलाचा बैठक क्रमांक आणि आईचं नाव. बापाचं नाव लागत नाही, आडनाव लागत नाही. राज्यातल्या लाखो मुलांच्या निकालाला दोन कुलपं आहेत म्हणा ना, आणि त्यातलं एक आईच्या नावानं उघडतं. मला त्या व्यवस्थेतली ही एक गोष्ट फार आवडते. मूल आणि त्याची आई, एवढ्या दोघांत तो निकाल उघडावा. तुम्ही दोन्ही किल्ल्या जळगावला पाठवून दिल्यात. हॉल तिकिटावर नंबर आहे, तुमचं नाव आहे. आणि भावाला तर तुमचं नाव तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून ठाऊक.

आता त्या दुपारचं बघा. एक वाजता निकाल खुला होतो. सगळा महाराष्ट्र एकदम साइटवर तुटून पडतो. तुमच्या गावात ते चक्र नुसतं फिरत राहील. जळगावला पाच मिनिटांत निकाल उघडेल. मग तुमचा फोन वाजेल. मधल्या खोलीत दोन्ही नणंदा, खाटेवर मिस्टर, मुलगा दाराला टेकून उभा. तुम्ही फोन कानाला लावाल आणि तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मार्क चांगले असतील तर तुमच्या माहेरच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं पडायला लागतील, आणि किती पडले हे त्याला आत्याच्या ओरडण्यातून कळेल. कमी असतील तर भाऊ दोन क्षण थांबेल आणि म्हणेल, "अगं, जरा बाजूला येऊन बोल." तुम्ही पदर सावरत ओट्यावर जाल. तेवढं त्याला पुरेसं आहे. मार्क कसेही पडोत, त्या घरात स्वतःचा निकाल सगळ्यात शेवटी कळणारा माणूस तुमचा मुलगा असेल.

आणि तुम्ही लिहिता, घरात मी एकटीच त्याच्या बाजूनं आहे. नाही ताई. मिस्टरांनी पोराला बोलून बोलून जेरीस आणलंय हे खरं, पण त्याच्या हातातलं त्यांनी अजून काही काढून घेतलेलं नाही. काढून घेतलंय ते तुम्ही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं वर्षभर अभ्यास करायचा, सगळे पेपर एकट्यानं द्यायचे, आणि कागद सांभाळायला मात्र तो लहान?

मला राग येतोय, आणि त्याचं कारण मी लपवत नाही. हीच चूक माझ्या हातून झाली आहे.

माझी मुलगी दहावीला होती तेव्हा निकाल शाळेत यायचा. मी शिक्षिका. सकाळी अकराला निकालपत्रक आमच्या समोर आलं आणि मी बोट सरकवत सरकवत तिच्या नावापर्यंत गेले. अठ्ठावन्न टक्के. मला रडू आलं. शिक्षक खोलीत बाकीच्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यातल्या एक बाई आमच्याच गल्लीतल्या, त्या लवकर घरी गेल्या. मी मुलांची गुणपत्रकं वाटत थांबले. आपल्या मुलीला काय सांगायचं, कसं सांगायचं, ते मनात जुळवत होते. दीडला घरी पोचले तर मुलगी दळण घेऊन येत होती. पिठाचा डबा कमरेवर, हाताला, भुवयांना पीठ. डबा गरम असतो, तिनं तो ओढणीची चुंबळ करून धरला होता. हळूच खाली ठेवला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "आई, तुला कधी कळलं?"

किती पडले, असं तिनं विचारलंच नाही. तिला ते गिरणीवर, रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडून कळलं होतं. मी म्हणाले, अकराला. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि पीठ चाळायला बसली.

आज ती चाळिशी ओलांडून गेलीय, चांगली नोकरी करते, आमच्यात भांडण नाही. पण त्या दिवसानंतर तिची कुठलीही गोष्ट मला आधी कळलेली नाही. नोकरी लागल्याचं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. दवाखान्यात भरती होती, ते घरी सोडल्यावर जावयांनी सांगितलं. मी तिला अठ्ठावन्न टक्क्यांवरून कधी एक शब्द बोलले नव्हते, ताई. आपण समजूतदार आई आहोत असंच मला वाटत होतं.

मिस्टरांबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्यात एक फार मोलाचं आहे. बाग आडवी झाली तेव्हा ते दोन तास बांधावर एकटे बसले. तुम्ही तेव्हा काय केलंत? पत्रात नाही, पण मी सांगू शकते. तुम्ही गेला नाहीत. पोरांनाही जाऊ दिलं नाहीत. कुणी चौकशीला आलं असेल त्याला ओट्यावरच बसवून घेतलं असेल. किती घड पडले, किती खोडं मोडली, हे आधी त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेऊ दिलंत, म्हणून तो घरी आला तेव्हा कुणावर ओरडला नाही. ही समज तुमच्यात आहे. नवऱ्याला दोन तास दिलेत, पोराला दहा मिनिटं द्या.

तेव्हा आज संध्याकाळी भावाला फोन करा. मेसेज नको, फोनच करा. म्हणा, "दादा, हॉल तिकिटाचा फोटो काढून टाक. निकाल तू बघायचा नाहीस. तो बघेल आणि तोच तुला फोन करेल." दादा म्हणतील, अगं तुमच्याकडे नेट नाही. म्हणा, नसू दे, अर्ध्या तासानं कळेल. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही काढायला लावा. मग हॉल तिकीट मुलाच्या हातात द्या आणि एवढंच म्हणा, "हे तुझं आहे. मी घ्यायला नको होतं." त्याच्यापुढे उपदेश सुरू करू नका. तो काही बोलला नाही तरी चालेल.

निकालाच्या दिवशी सकाळी मंडळाची पत्रकार परिषद होते आणि मग टीव्हीवर आकडे सुरू होतात. कोकण विभाग पहिला, मुली मुलांच्या पुढे, आपला नाशिक विभाग कितवा. दरवर्षीचं तेच. त्या वेळेला टीव्ही बंद ठेवा. नणंदांना शेजारी बिबड्या-कुरडयांच्या मदतीला धाडा, नाहीतर स्पष्ट सांगा की एक ते दोन मागच्या खोलीत कुणी यायचं नाही. पाहुण्या आहेत, तुमच्याच घरच्या आहेत, समजून घेतील. पोरगा मागच्या खोलीत, मोबाइल त्याच्या हातात. दार नुसतं लोटलेलं, कडी लावायची नाही, हे त्याला आधीच सांगा. तुम्ही उंबऱ्याशी बसा. साइट अडकेल, पुन्हा उघडेल. तो नंबर टाकेल, मग इंग्रजी अक्षरांत तुमचं नाव टाकेल. बसल्या जागी तुम्हाला ते कळेलही.

तो बाहेर आला की "किती?" विचारू नका. सगळ्यात कठीण हेच आहे. तो सांगेल. लगेच सांगेल नाहीतर पाणी पिऊन सांगेल. बापाला कसं सांगायचं तेही त्यालाच विचारा. स्वतः सांगतो म्हणाला तर सोबत जा आणि शेजारी उभ्या राहा. त्याच्या पुढे होऊन बोलायला लागू नका.

मार्क कमी पडले तर काय बोलू, हे तुम्ही विचारलंय. त्या दुपारी जवळजवळ काही नाही. पण तुम्ही स्वतः शांत राहावं म्हणून चार गोष्टी माहीत असू द्या. सहा विषयांपैकी ज्या पाचांत जास्त गुण त्यांचीच टक्केवारी धरतात, त्यामुळे एका भूमितीनं सगळं बुडत नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. गणिताचे गुण पटले नाहीत तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, त्यावरून पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. छायाप्रतीच्या अर्जाला साधारण दोन आठवड्यांची मुदत असते. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन फेऱ्यांनी होतात, म्हणजे जळगावचं कॉलेजही त्या दुपारी ठरत नाही. आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे. हे सगळं दुसऱ्या दिवशी, त्यानं विषय काढला की.

एका बाबतीत मात्र दुसरा दिवस बघू नका. तो रात्री झोपत नाही, हे तुम्ही लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. आज रात्री तुमचंही अंथरूण धाब्यावर टाका. उन्हाळ्यात सगळं गाव वर झोपतं, कुणाला वेगळं वाटणार नाही. शेजारी पडून राहा. मधेच काही बोलला तर ऐका. मी नसलेलो बरा, मेलो तर सुटेन, असं काही त्याच्या तोंडून आलं तर उडवून लावू नका, रागावू नका. सरळ विचारा, "तुझ्या मनात जिवाचं काही येतं का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट सांगायला वाट होते. तसं असेल तर त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या, आणि १४४१६ या नंबरवर फोन लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलतात. असं असेल तर त्या दिवशी उंबऱ्याशी बसू नका, आत त्याच्याजवळ बसा. हा नंबर मिस्टरांच्या फोनमध्येही टाकून ठेवा.

राहिले मिस्टर. त्यांना समजावत बसू नका, वर्षभरात ते झालं नाही. त्यांना एवढंच सांगा, की तुम्ही बांधावर बसला होतात तेव्हा मी कुणालाही तुमच्याकडे येऊ दिलं नव्हतं, आणि निकालाच्या दिवशी मी पोरासाठी तेच करणार आहे. केळीवाल्या माणसाला हे लगेच कळतं. पेढ्यांचं म्हणाल तर येऊ द्या पेढे. बारीकसारीक मार्कांनीही घरात पेढा खाल्ला जातो, फक्त तो आधी कुणाला द्यायचा ते मुलाला ठरवू द्या.

आणि पुन्हा पत्र लिहाल तेव्हा दादा फोनवर काय म्हणाले ते लिहा. टक्के लिहू नका. ते मला सांगायचे की नाही, हे आधी त्याला विचारा.