कामठीचा वालुकाश्म आणि भरती-ओहोटीचे थर

प्रश्न : कामठी परिसरातील वालुकाश्मात मला तिरपे थर दिसले; त्यांचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहांमुळे किनाऱ्याजवळच्या वाळूत असे थर तयार होतात, हे वाचनात आले होते. मग या भागात एके काळी समुद्राचे पाणी चढत-उतरत होते असे समजावे काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : केवळ तिरप्या थरांवरून तसे समजू नये. ज्या खडकांना भूविज्ञानात कामठीचेच नाव मिळाले आहे, तो हा वालुकाश्म प्रामुख्याने गोंडवन काळातील (सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) नद्यांनी आणलेल्या वाळूचा आहे. प्रवाह तळावरच्या वाळूच्या उंचवट्यांवरून कण ढकलत नेतो आणि ते पलीकडच्या उतारावर घसरून साचतात, त्यातून तिरपा थर तयार होतो. हे नदीत घडते, समुद्रात घडते आणि वाऱ्यामुळे वाळवंटातही घडते. भरती-ओहोटीची खूण शोधायची असेल तर प्रवाह मध्येच थांबत होता काय आणि त्याचे बळ ठरावीक क्रमाने कमी-जास्त होत होते काय, हे पाहावे लागते.

कोकण किनाऱ्यावर साधारणपणे दर १२ तास २५ मिनिटांनी भरती येते. पाणी खाडीत शिरताना वेग घेते, दिशा बदलण्यापूर्वी काही वेळ जवळजवळ स्थिर होते आणि मग उलट वाहू लागते. बारीक वाळू हलवण्यास सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर वेगाचा प्रवाह लागतो. त्यापुढे वेग दुप्पट झाला, तर तळावरून सरकणारी वाळू ढोबळमानाने आठपट होते. त्यामुळे भरती आणि ओहोटी यांच्या वेगांत थोडाच फरक असला तरी बहुतेक वाळू प्रबळ प्रवाहाच्याच दिशेने जाते. दोन्ही बाजूंना कललेले थर पाहायला मिळतीलच, अशी अपेक्षा विद्यार्थी हमखास करतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकाच बाजूचे थर उरतात.

अधिक बोलका पुरावा असतो तो चिखलाच्या पातळ पापुद्र्यांचा. येथे एक अडचण दिसते. दोन मायक्रॉन (मिलिमीटरचे दोन हजारांश) व्यासाचा चिकणमातीचा सुटा कण शांत पाण्यात एक मीटर खाली यायला सुमारे तीन दिवस घेतो आणि पाणी थबकते ते तासाभराहूनही कमी वेळ. मग पापुद्रा साचतो कसा? खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे या कणांमधील परस्परांना दूर सारणारे बल क्षीण होते, ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे पुंजके बनतात. असे पुंजके सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर वेगाने खाली येऊ शकतात, म्हणजे अर्ध्या तासात एक-दोन मीटर. पुढचा प्रवाह यातील बराचसा चिखल पुन्हा उचलून नेतो, परंतु उंचवट्यांच्या पायथ्याशी आडोशाला पडलेला भाग टिकतो आणि त्यावर वाळू पसरली की तो कायमचा जपला जातो.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत प्रवाह जोरकस असल्याने वाळूचे पट्टे जाड होतात, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत ते पातळ राहतात. एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत पावणेपंधरा दिवस, म्हणजे सुमारे २८ भरत्या होतात, आणि जाड-पातळ पट्ट्यांची ही मालिका खडकात मोजता येते. नेदरलँड्समधील ओस्टरस्केल्डे या खाडीतील वाळूत असा क्रम १९८० साली भूवैज्ञानिक व्हिसर यांनी दाखवला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एलाटिना नावाच्या अशाच पट्टेदार खडकथरांवरून तर सुमारे ६२ कोटी वर्षांपूर्वी वर्षात जवळपास ४०० दिवस होते आणि दिवस २२ तासांहून किंचित लहान होता, असा हिशेब मांडला गेला आहे. मात्र पट्टे सलग मिळणे दुर्मीळ असते, कारण एखादे वादळ अनेक पंधरवड्यांची नोंद पुसून टाकते. म्हणून एका छायाचित्रावरून निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते. आपण पाहिलेल्या खडकात चिखलाचे जोडीने येणारे (एक भरतीनंतरच्या, दुसरा ओहोटीनंतरच्या थांब्यात साचलेला) पापुद्रे आणि पट्ट्यांच्या जाडीतील ही लय आहे काय, हे पट्टी लावून तपासावे.

प्रश्न : भरतीबरोबर खाडीत आलेला गाळ ओहोटीबरोबर परत का जात नाही?
— एक वाचिका, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : काही जातो, सगळा नाही. भरतीचे पाणी खाडीच्या आतल्या उथळ भागात मंदावते. वेग अपुरा झाल्यावरही कण तळाशी पोहोचेपर्यंत पाणी त्याला आणखी आत नेते. शिवाय तरंगत्या कणाला तसेच वाहून नेण्यापेक्षा तळाला चिकटलेला कण उचलण्यास अधिक वेग लागतो. ओहोटीला तेवढा वेग येईपर्यंत, ज्या पाण्याने तो कण आणला होता ते निघून गेलेले असते. मागून येणारे पाणी त्याला उचलते खरे, पण मूळ जागेपर्यंत पोहोचवत नाही. व्हॅन स्ट्राटेन आणि क्यूनेन या भूवैज्ञानिकांनी नेदरलँड्सच्या किनाऱ्यालगतच्या उथळ वाडन समुद्राच्या चिखलपट्ट्यांसाठी हे स्पष्टीकरण १९५० च्या दशकात मांडले. कोकणातील खाड्यांत कांदळवनाची मुळे पाण्याचा वेग आणखी कमी करत असल्याने तेथे बारीक गाळ अधिकच धरून राहतो. पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला, तर मात्र त्यातील बराच गाळ समुद्राकडे लोटला जाऊ शकतो.